ग्रंथपाल आईला युरोपातली कुठली जुनी ग्रंथालयं दाखवू? (म्युनिकहून, सप्टेंबर-ऑक्टोबर)

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

माझी आई सप्टेंबरात दोन महिन्यांसाठी माझ्याकडे म्युनिकला येते आहे. परदेशात यायची तिची ही पहिलीच वेळ. वय ६८. सांगली जिल्ह्यातल्या एका नदीकाठच्या गावात, तिथल्या सार्वजनिक वाचनालयात तिने ३१ वर्षं ग्रंथपाल म्हणून काम केलं. गावातल्या आज चाळिशीत असलेल्या कितीतरी जणांच्या हातात पहिलं पुस्तक तिनेच ठेवलेलं आहे.

फोनवर विचारलं, काय काय बघायचंय तुला? म्हणाली, "राजवाडे नकोत, बर्फ नको. जुनी ग्रंथालयं दाखव." मी इंटरनेटवर शोधलं तर सगळीकडे 'जगातली सर्वांत सुंदर ग्रंथालयं' आणि तेच ते सोनेरी छतांचे फोटो. तिला पाठवले. तिचं उत्तर आलं, "छान आहेत, पण कपाटांचे फोटो काय करू? इतकी वर्षं ही पुस्तकं टिकवली कशी, ते मला बघायचंय."

या प्रश्नामागे कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात वाचनालयाचा तळमजला पाण्याखाली गेला. आई तेव्हा निवृत्त झाली होती, तरी पाणी ओसरल्यावर पंधरा दिवस रोज जाऊन चिखलातली पुस्तकं काढत होती. वाचली त्यापेक्षा गेली जास्त. त्याबद्दल ती फारसं बोलत नाही.

तर अशा माणसाला कुठे नेऊ? आठवड्याची सुट्टी आहे, शिवाय शनिवार-रविवार. प्रवास रेल्वेने. गुडघे दुखतात, पण जिना सावकाश चढते. इंग्रजी वाचता येतं.


अबोली_झुरिक

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. उत्तर एका नावात देते: स्वित्झर्लंडमधलं सेंट गॅलन, तिथलं जुन्या मठाचं ग्रंथालय. म्युनिकहून झुरिकला जाणारी थेट गाडी तिथे थांबते, तीनेक तासांचा प्रवास.

मी झुरिकजवळ राहते आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेते. सातव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलस नावाचा आयरिश साधू इथल्या रानात येऊन राहिला. पुढे ७१९ च्या सुमारास त्या जागी मठ उभा राहिला. आज दिसणारं दालन मात्र अठराव्या शतकातलं, १७५८ नंतर बांधलेलं. दारावर ग्रीकमध्ये जे कोरलंय त्याचा अर्थ 'आत्म्याचं औषधालय'. आत जाताना बुटांवर नमद्याच्या मोठ्या सपाता चढवाव्या लागतात, लाकडी जमिनीला ओरखडा पडू नये म्हणून. त्या घसरतात, तेव्हा आईंचा हात धरून चला.

पण त्यांच्यासाठी खरी गोष्ट वेगळीच आहे. विबोराडा नावाची एक बाई तिथे एका चर्चला लागून असलेल्या कोठडीत स्वतःला कोंडून घेऊन उपासना करत होती. ९२६ साली हंगेरियन घोडेस्वारांची धाड येणार हे तिने आधीच सांगितलं, आणि तिथली परंपरा सांगते की ती म्हणाली, आधी पुस्तकं हलवा, मग बाकीची संपत्ती. मठाने ऐकलं. हस्तलिखितं कॉन्स्टन्स सरोवरातल्या रायखेनाउच्या मठात गेली आणि वाचली. विबोराडाने कोठडी सोडली नाही, तिला धाडीत मारलं. १०४७ साली तिला संतपद मिळालं. ग्रंथपालांची संत म्हणून आजही तिचं नाव घेतात.

आज तिथे सुमारे २१०० हस्तलिखितं आहेत, त्यातली जवळपास ४०० सन १००० च्याही आधीची. हजार वर्षांपूर्वीची पुस्तकं ज्या मठात होती त्याच मठाच्या आवारात आजही आहेत, असं युरोपात फार कमी ठिकाणी झालंय.

आणखी एक. सेंट गॅलनचा आराखडा जरूर बघा. नवव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत कधीतरी काढलेला एका आदर्श मठाचा नकाशा, चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून केलेला. बाराव्या शतकात कोणीतरी त्याच्या कोऱ्या पाठीवर एका संताचं चरित्र लिहिलं आणि घडी घालून तो पुस्तकांत ठेवला. नकाशा म्हणून कदाचित फेकला गेला असता, पोथी म्हणून जपला गेला. मूळ प्रत प्रदर्शनात अगदी थोडा वेळ उजेडात आणतात, तेव्हा लक्ष देऊन उभे राहा.


तिठा

डब्लिन! ट्रिनिटी कॉलेजची लाँग रूम. ६५ मीटर लांब दालन आणि सन ८०० च्या आसपासचं बुक ऑफ केल्स हे हस्तलिखित. आयुष्यात एकदा तरी बघावं असं.


डॅन्यूबकाठ

तिठा, डब्लिन सुंदरच आहे, पण शेंगेन व्हिसावर आयर्लंडला जाता येत नाही, वेगळा व्हिसा काढावा लागतो. शिवाय लाँग रूमच्या जीर्णोद्धारासाठी कपाटांतली पुस्तकं काढून दुसरीकडे हलवली आहेत. ती एकेक पुसून, तपासून, नोंद करून नेली, हे काम त्यांच्या आईंना आवडलं असतं. पण या खेपेला डब्लिन सोडून द्यावं.

पाऊलवाट, मी व्हिएन्नात चौदा वर्षं आहे. इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं भव्य दालन १७२३ ते १७२६ मध्ये बांधलं. दोन लाख जुनी पुस्तकं, मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याचा पुतळा, चार मोठे व्हेनिसचे गोल, पृथ्वीचे आणि आकाशाचे. बघाल तेव्हा मान वर करूनच राहाल. तरी तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या दालनात नाही, त्याच संस्थेच्या पपायरस संग्रहालयात आहे. जागा लहान आहे, गर्दी नसते. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या कागदपत्रांचा संग्रह एका आर्चड्यूकने, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या राजपुत्राने, १८८० च्या दशकात विकत घ्यायला सुरुवात केली. आज सुमारे १,८०,००० वस्तू आहेत. त्यात राजांचे फर्मान थोडे आणि पावत्या, पत्रं, शाळेतल्या पोरांचे गिरवलेले धडे जास्त. लोकांनी उकिरड्यावर टाकलेलं हे सगळं, कोरड्या वाळूने दीड-दोन हजार वर्षं सांभाळलं. ओल नाही, तर बुरशी नाही. तुमच्या आईंना हे एका नजरेत कळेल.

दुसरं, आडमोंट. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांताच्या डोंगरांत १०७४ साली स्थापन झालेला बेनेडिक्टाइन मठ. ग्रंथदालन १७७६ साली पूर्ण झालं. ७० मीटर लांब, सात घुमट, ४८ खिडक्या. आत गेल्यावर आधी डोळे दिपतात, कारण इतर मठांसारखं काळोखं लाकूड नाही, सगळं पांढरं आणि सोनेरी. मधोमध श्टामेल या शिल्पकाराने लाकडात कोरलेल्या चार मूर्ती आहेत: मृत्यू, न्याय, स्वर्ग आणि नरक. १८६५ साली मठाला मोठी आग लागली, बराचसा मठ जळाला, हे दालन वाचलं. तिथे उभं राहून ही गोष्ट आठवली की पोटात गोळा येतो.

जायला लीझेनपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. एक रात्र गावात राहा. हिवाळ्यात ते बहुतेक बंद असतं, सप्टेंबरात चिंता नाही, तरी वेळा आधी बघून घ्या.

मेल्कचा मठ वाटेत येतो म्हणून सगळे सुचवतील. डॅन्यूबच्या काठावर आहे, देखणा आहे. पण गर्दीत ग्रंथालयातून पुढे ढकलत नेतात. आईंना थांबून बघायचं असेल तर मेल्क टाळा.


मुचकुंद

मी पुण्यात कागद-संवर्धनाचं काम करते. हस्तलिखितं, जुने नकाशे, कधी कुणाच्या घरची पोथी. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस विचार करत होते. महापुराबद्दल लिहिलं नसतं तर मी पण सेंट गॅलनच म्हटलं असतं.

आईंना जर्मनीतल्या वायमारला न्या. आना अमालिया डचेस ग्रंथालय.

बाहेरून इमारत साधी वाटते. आत १७६६ चं तीन मजली लंबगोल दालन आहे, पांढरं, निळसर, सोनेरी. जर्मन कवी गटे या ग्रंथालयाची देखरेख १७९७ पासून मरेपर्यंत, म्हणजे ३५ वर्षं करत होता. २ सप्टेंबर २००४ च्या रात्री छताला आग लागली. पुस्तकं नव्या भूमिगत कोठारात हलवायचं काम काही आठवड्यांत सुरू होणार होतं. कर्मचारी, अग्निशामक दल, शहरातले लोक, सगळे साखळी करून उभे राहिले आणि हातोहात पुस्तकं बाहेर काढली. तरी ५०,००० पुस्तकं कायमची गेली. त्यात डचेसने जमवलेल्या संगीताच्या संहिता होत्या, काहींची दुसरी प्रत जगात नव्हती. आणखी ६२,००० पुस्तकं आगीने आणि आग विझवायला मारलेल्या पाण्याने खराब झाली.

आता पुढचं तुमच्या आईंसाठी. ओली पुस्तकं त्यांनी वाळत घातली नाहीत. गुंडाळून लाइपझिगला पाठवली आणि गोठवली. ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. हजारो पुस्तकं तेवढ्यात वाळवणं कुणालाच शक्य नसतं. गोठवलं की घड्याळ थांबतं. मग सवडीने, निर्वात पेटीत ठेवून, बर्फाची थेट वाफ करून पाणी काढतात. मध्ये पाणी पाणी होतच नाही, म्हणून शाई पसरत नाही आणि पानं फुगत नाहीत.

कडा जळून कोळसा झालेली, मधला मजकूर शाबूत असलेली पुस्तकं होती, त्यांना तिथे 'राखेची पुस्तकं' म्हणतात. त्यांचं एकेक पान सुटं करून धुतात, जळालेल्या कडेच्या जागी कागदाचा ताजा लगदा भरतात, वर अगदी पातळ जपानी कागद लावतात. त्यासाठी वायमारला स्वतंत्र कार्यशाळा उभी केली. ते काम इतक्या वर्षांनंतरही चालू आहे. दालन २४ ऑक्टोबर २००७ ला पुन्हा उघडलं.

एक विचारू का? २०१९ मध्ये तुमच्याकडे पुस्तकं कशी वाळवली?


पाऊलवाट

मुचकुंदताई, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग सगळं सांगितलं, मी तिच्या शब्दांत लिहितो.

"शाळेचा हॉल मिळाला होता. पंखे लावले, पानांमध्ये वर्तमानपत्रं घातली, दोऱ्या बांधून पातळ पुस्तकं वाळत टाकली. चिखल ओल्या फडक्याने पुसत होतो. कथा-कादंबऱ्या बऱ्याचशा वाचल्या, फुगल्या पण वाचता येतात. गुळगुळीत कागदाची सगळी गेली. विश्वकोशासारखे जाड ग्रंथ, चित्रांची पुस्तकं, मुलांचे ॲटलास. वाळल्यावर विटेसारखे झाले, पान सुटेना. आणि चौथ्या दिवसापासून बुरशी. मला वाटत राहिलं की आपण हळू काम केलं."


मुचकुंद

आईंना सांगा, हळू काम केलं नाही. तेवढ्या माणसांत आणि तेवढ्या साधनांत दुसऱ्या कुणाला याहून फार जास्त जमलं नसतं.

गुळगुळीत कागदावर चिनीमातीसारख्या पांढऱ्या मातीचा लेप असतो. ओला असताना तो लेप चिकट होतो आणि वाळताना शेजारच्या पानाला धरून बसतो. एकदा वाळला की सुटत नाही. अशी पुस्तकं ओली असतानाच गोठवावी लागतात. चिखल पुसायचा नाही, फडक्याने तो कागदात आणखी मुरतो. पुस्तक बंद धरून स्वच्छ पाण्यात हलकेच बुचकळायचं. उघडायचं नाही. प्रत्येकाला सैलसर प्लॅस्टिक गुंडाळून, पाठ खाली करून, क्रेटमध्ये एकाच ओळीत उभं करायचं, दाबून नाही.

हे तेव्हा त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. आमच्या क्षेत्रातल्यांनी ते गावोगावच्या वाचनालयांपर्यंत पोचवलं नाही, याचं मला वाईट वाटतं.


सुरंगी_बोलोन्या

इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. पूर आणि पुस्तकं म्हटलं की इटलीत प्रत्येकाला १९६६ चं फ्लोरेन्स आठवतं. ४ नोव्हेंबरला आर्नो नदी शहरात शिरली, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरातली लाखो पुस्तकं चिखलात आणि तेलात बुडाली. जगभरातून तरुण मुलं-मुली आली, रांगा करून चिखलातून पुस्तकं वर काढली. इथे त्यांना अजून 'चिखलातले देवदूत' म्हणतात. पुस्तकं वाळवायला तंबाखूच्या भट्ट्यासुद्धा वापरल्या. आज संवर्धक जे करतात त्यातलं पुष्कळसं त्या पुराने शिकवलं, असं माझ्या ओळखीच्या एका पुस्तकबांधणीवाल्या आजोबांनी मला सांगितलं होतं. ते त्या मुलांमध्ये होते.

पण बघायला म्हणून मी फ्लोरेन्स नाही, चेसेना सांगेन. बोलोन्याहून गाडीने तासाभराच्या आत. मालातेस्ता घराण्यातल्या नोव्हेल्लोने हे ग्रंथालय उभारलं, १४५४ साली ते उघडलं. त्यानंतर दालनात जवळपास काही बदललेलं नाही. दोन्ही बाजूंना २९-२९ लाकडी बाकं, बाकाला जोडलेली उतरती मेजं आणि त्यांना साखळीने बांधलेली ३४३ हस्तलिखितं. वीज नाही, दिवा नाही, फक्त खिडकीचा उजेड. म्हणून आगीचं भय नाही.

आईंना आवडेल ते हे: दाराला दोन किल्ल्या होत्या. एक फ्रान्सिस्कन साधूंकडे, दुसरी नगराकडे. दोघं मिळून आल्याशिवाय दार उघडत नसे. हस्तलिखितांची मोजणी ठरलेल्या काळाने होत असे. साडेपाचशे वर्षांत जवळजवळ काहीच हरवलं नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं वाचनालयाची ग्रंथमोजणी केली आहे त्यांना याची किंमत सांगायला नको.


पानाफुलांचा_गाव

प्रागच्या स्त्राहोव्ह मठाचं ग्रंथालय कोणी सुचवलं नाही? म्युनिकहून जवळ आहे.


डॅन्यूबकाठ

स्त्राहोव्हची दोन्ही दालनं अप्रतिम, पण साध्या तिकिटावर दारातूनच बघावी लागतात, आत पाऊल टाकता येत नाही. लांबून आलेल्या ग्रंथपालाला दारात थांबवणं बरं नाही वाटत. तरी गेलातच तर तिथली लाकडाची पुस्तकं बघा: ६८ 'खंड', प्रत्येक एका झाडाचा. पुठ्ठे त्याच झाडाच्या लाकडाचे, पाठीवर त्याची साल, आत त्याची पानं, फळं, मुळं.


मुशाफिर_९

तुमच्या मार्गावर नाही, पण आईंना गोष्ट म्हणून सांगा. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयात वटवाघळं राहतात. अठराव्या शतकातलं दालन आहे. रात्री ती बाहेर येतात आणि कागद खाणारे किडे खातात. विष्ठेने जुनी मेजं खराब होऊ नयेत म्हणून संध्याकाळी मेजांवर चामड्याची पांघरुणं घालतात, सकाळी काढून सगळं झाडून घेतात. आपण वेखंड, कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या वापरतो, त्यांनी वटवाघळं पाळली.

दुसरी गोष्ट कोरियातली, तिथे मी स्वतः गेलोय. डोंगरात हेइन्सा नावाचा बौद्ध मठ आहे. तिथे तेराव्या शतकात कोरलेले ८१,२५८ लाकडी ठसे आहेत, पूर्ण त्रिपिटक. ज्या इमारतीत ते ठेवलेत ती पंधराव्या शतकातली. यंत्र काही नाही. समोरच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या, वरच्या लहान. मागच्या भिंतीत उलटं. त्यामुळे डोंगरावरची हवा आत येते, सगळ्या फळ्यांवरून फिरते आणि बाहेर जाते. जमीन मातीची, तिच्यात कोळसा, चुना आणि मीठ घातलेलं, म्हणजे ओल शोषली जाते आणि कोरड्या दिवसांत परत सुटते. १९५१ मध्ये, कोरियन युद्धात, या मठावर बॉम्ब टाकायचा हुकूम आला होता, किम यंग-ह्वान नावाच्या वैमानिकाने तो पाळला नाही.

बाहेरच्या जाळीतून ते ठसे ओळीने दिसतात. मी तिथे तासभर बसलो होतो.


मोडीवाचक

धागा उशिरा पाहिला. मुचकुंद यांच्या वायमारला माझं अनुमोदन, आणि त्याला जोडून एक.

वायमारहून हाले सव्वा-दीड तासावर आहे. तिथल्या फ्रांके संस्थेचं ऐतिहासिक ग्रंथालय १७२८ चं, रंगमंचाच्या विंगांसारखी एकामागे एक उभी कपाटं. आत तमिळ ताडपत्रं आहेत, कारण दक्षिण भारतातल्या तरंगंबाडीला मिशनरी इथूनच जात. त्यांतला एक ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ. हालेला शिकला, १७५० मध्ये तरंगंबाडीला पोचला, पुढे तंजावरला गेला आणि तंजावरच्या भोसल्यांच्या लहानग्या सरफोजींचा शिक्षक झाला.

तेच हे दुसरे सरफोजी. राज्यकाळ १७९८ ते १८३२. तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचं, पण त्याला आजचं रूप दिलं सरफोजींनी. काशीयात्रेला गेले तेव्हा तिकडून हस्तलिखितं आणली, पंडित बसवून नकला करून घेतल्या, इंग्रजी-फ्रेंच-जर्मन पुस्तकं मागवली आणि त्यांवर सह्या केल्या. त्या सह्या अजून दिसतात. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, सगळं एकत्र. आणि मोडी कागदांचे ढीग. मी तिथे तीन आठवडे बसून मोडी वाचली आहे. रुमाल सोडला की आत दोनशे वर्षांपूर्वीचं दक्षिणी मराठी, मधूनच तमिळ शब्द, कोठीचे हिशोब, औषधांच्या याद्या. सरफोजींनी डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं ठेवायला लावली होती, तीही आहेत.

माझं म्हणणं एवढंच की युरोपात आई काचेपलीकडून बघतील. भाषा परकी, लिपी परकी. परत गेल्यावर त्यांना तंजावरला न्या. तिथल्या संग्रहालयात मराठी हस्तलिखितासमोर उभं राहिल्यावर त्या नुसतं बघणार नाहीत, वाचतील. देवनागरीतलं तर वाचतीलच. शिवाय बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर १८०३ चा भोसल्यांच्या वंशचरित्राचा मराठी शिलालेख आहे, तो वाचायला एक अख्खी सकाळ लागते.


रेवा_म्युनिक

एवढ्या लांब जाताना घराजवळचं विसरू नका. म्युनिकमध्येच लुडविगश्ट्रासेवर बव्हेरियाचं राज्य ग्रंथालय आहे, १५५८ चं. १८०३ साली बव्हेरियातले मठ बरखास्त झाले तेव्हा त्यांचे ग्रंथ गाड्या भरभरून इथे आले. मधल्या वारी आईंना एकटीलाही जाता येईल, दारापर्यंत भुयारी रेल्वे आहे.


पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आईने वहीत सगळं उतरवून घेतलं आणि स्वतःच ठरवलं: सेंट गॅलन, मग वायमार आणि हाले, शेवटी आडमोंट. चेसेनासाठी सुट्टी पुरत नाही, त्याचं तिला वाईट वाटतंय. तंजावर फेब्रुवारीत, मावशीला घेऊन. परत आल्यावर लिहितो.


पाऊलवाट

मंडळी, आई काल भारतात परतली. जसं घडलं तसं सांगतो.

सेंट गॅलनला आम्ही दोन दिवस राहिलो, अबोलीताई, तुमच्यामुळे. पहिल्या दिवशी सपाता घालून आई दालनाच्या मध्यभागी गेली आणि छताकडे बघितलंच नाही. कपाटांच्या बाजूला असलेल्या उभ्या पट्ट्यांकडे गेली. त्या पट्ट्यांमध्ये लपवलेली दारं आहेत, आत त्या कपाटातल्या पुस्तकांची यादी खुंट्यांवर लावलेली. आई म्हणाली, "तालिका कपाटातच! वाचकाला उठून जायला नको." त्यानंतर तासभर ती तेच बघत होती. विबोराडाची गोष्ट तिथल्या माहितीफलकावर पुन्हा वाचली आणि वहीत तारीख लिहून घेतली.

आडमोंटला पाऊस होता, ढग अगदी मठावर टेकलेले. दालन तरीही उजळ. तिथे फक्त बसून राहिली. डॅन्यूबकाठ, रात्र राहायचा सल्ला फार चांगला होता.

वायमारबद्दल लिहायला मला थोडं जड जातंय. तिकिटं आधी काढली होती, दिवसाला मोजक्याच लोकांना सोडतात. दालनात गेल्यावर तिने विचारलं, "आग कुठून लागली?" मी वर दाखवलं. मग खाली, चौकाकडे बघून, "आणि माणसं कुठे उभी होती?" हे तिथल्या एका कर्मचारी बाईंना मी जर्मनमध्ये विचारलं. त्यांनी खिडकीतून हाताने रांग दाखवली. आईने त्यांना इंग्रजीत सांगितलं, माझ्या ग्रंथालयात पूर आला होता. बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. दोघी थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. मी बाजूला झालो.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिने गावी फोन लावला, आताच्या ग्रंथपाल ताईंना. म्हणाली, "तासगावच्या बाजूला बेदाण्याची शीतगृहं आहेत ना, त्यांच्याशी बोलून ठेवू. पुन्हा पाणी आलं तर ओली पुस्तकं क्रेटमध्ये भरून थेट तिकडे."

मुचकुंदताई, हे चालेल का? आईने मुद्दाम विचारायला सांगितलंय.


मुचकुंद

वाचून डोळे भरून आले. आईंची कल्पना योग्य दिशेची आहे, फक्त जागा बदलावी लागेल. बेदाण्याच्या शीतगृहात तापमान शून्याच्या वर असतं. तेवढ्याने बुरशी जरा मंदावते, थांबत नाही. आपल्याला उणे १८ किंवा त्याहून खाली लागतं. आइस्क्रीम, मासळी किंवा गोठवलेले मटार ठेवतात तशी वखार शोधा. निर्वात यंत्र नसलं तरी चालतं: गोठवलेली पुस्तकं महिनोन्‌महिने तशीच राहू शकतात, आणि मग दहा-दहा बाहेर काढून पंख्याखाली वाळवता येतात. क्रेट, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मार्कर पेन पुराच्या आधीच वरच्या मजल्यावर ठेवून द्या. पिशवीवर दाखल क्रमांक लिहायला विसरू नका.

मे महिन्यात मी दोन दिवस तुमच्या गावी यायला तयार आहे. वाचनालयाच्या माणसांना हाताने करून दाखवते. नंतर पाऊस सुरू होईल.


पाऊलवाट

ताई, काय बोलू. आईला आत्ताच फोन केला. म्हणाली, तालुक्याला आइस्क्रीमचा कारखाना आहे, मालक १९९४ पासून वर्गणीदार आहेत, उद्या सकाळीच त्यांच्याकडे जाते. तुम्हाला मेमध्ये उतरायला आमचं घर आहे. क्रेट किती लागतील तेवढं कळवा.